ठोसेघरचा धबधबा आणि त्याचा फोटो



परिसर अभ्यासाच्या तासाला बाईंनी आम्हांला 'पाण्याची रूपे' हा विषय लिहायला दिला होता. कोणी विहिरीवर लिहिले, कोणी पावसावर लिहिले. टँकरवर तर तिघांनी लिहिले. मी धबधब्यावर लिहीत आहे, कारण आमच्या वर्गात धबधबा पाहिलेला मी एकटाच आहे. शेजारी चिकटवलेला मोठा फोटो माझ्या मामाने काढलेला आहे. त्याच्या खालचा मामानेच काढलेला आहे, पण तो मी हट्ट करून काढायला लावला, म्हणून तो फसला. तो का फसला ते पुढे लिहिले आहे. फोटोंना कृपया ओले हात लावू नयेत.

आमचा माण तालुका आणि ठोसेघर हे दोन्ही सातारा जिल्ह्यातच आहेत. तरी तिकडे धबधबा आणि इकडे टँकर असे का, हे मी आधी सांगतो. पावसाळ्यात ढग अरबी समुद्रावरून येतात. मध्ये सह्याद्रीचा डोंगर आडवा उभा आहे. ढगांना तो चढून यावे लागते. वर हवा थंड असते, म्हणून ढगांतल्या वाफेचे पाणी होते आणि ते तिथेच पडते. डोंगर ओलांडून आमच्याकडे येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे ते पाणी वाहून गेले नाही आणि मुरले नाही, तर आमच्या शाळेच्या पत्र्याच्याही वर चढेल. आमच्या माणमध्ये पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. ते पाणी माझ्या मांडीपर्यंत येईल. मी वर्गात उभे राहून पट्टीने मोजून पाहिले.

श्रावण महिन्यात आई मला घेऊन मामाकडे साताऱ्याला गेली. मामा लग्नाचे फोटो काढतो. श्रावणात कामे कमी असतात म्हणून तो म्हणाला, "चल, तुला ठोसेघर दाखवतो." माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. पण मला एक कामही होते. ते काम आजीने दिले होते.

आजीचे गुडघे धरले आहेत, त्यामुळे ती आमच्याबरोबर एस्.टी.ने येऊ शकली नाही. निघताना ती मला म्हणाली, "माज्यासाटी त्या धबधब्याचा फोटू आन. पर नीट आन. क्येवढा हाय त्ये कळाय पायजे." आजीने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती आणि तिथे खायला सुकडी मिळत होती. आजी आजही पाणी पिताना पेल्यात घोटभरसुद्धा ठेवत नाही. आम्ही ठेवले तर तुळशीला घालायला लावते. तिने उंचावरून पडणारे पाणी जन्मात पाहिलेले नाही. म्हणून मी मनात ठरवले की फोटो नीटच आणायचा.

रविवारी सकाळी मामाच्या मोटारसायकलवरून आम्ही निघालो. कॅमेरा प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधला होता आणि ती थैली माझ्या पोटाशी होती. सातारा शहरातून बोगदा ओलांडला की सज्जनगडचा रस्ता लागतो. ठोसेघर साताऱ्याहून सुमारे पंचवीस किलोमीटर आहे. सज्जनगडावर समर्थ रामदासस्वामींची समाधी आहे. पाऊस होता म्हणून आम्ही गडावर चढलो नाही, खालूनच हात जोडले. गडाच्या जवळ परळी गाव आहे आणि तिथे उरमोडी नदीवर धरण बांधलेले आहे. मामाने गाडी थांबवून मला ते पाणी दाखवले. तो म्हणाला, "ओळखलंस का? ह्यातलंच पाणी पाटानं आणि पंपानं उचलून तुमच्या माण-खटावकडं नेलंय." मला आधी खरे वाटले नाही. आमच्या शिवारात अजून पाट आलेला नाही, पण पलीकडच्या गावात आला आहे आणि तिथे आता ऊस दिसतो, हे मला माहीत होते. ते पाणी इतक्या लांबून येते हे माहीत नव्हते.

आता माझी फजिती सांगतो. खरे म्हणजे सांगणार नव्हतो, पण बाई म्हणाल्या की तेच लिही.

घाटात रस्त्याच्या कडेला जागोजागी लहान लहान धबधबे पडत होते. एका ठिकाणी मामा गाडीवरची पिशवी घट्ट बांधत होता. मी म्हटले, तोवर आपण मोबाईलवर एक फोटो काढू. मामाचा मोबाईल घेऊन मी ओढ्याकडे गेलो. पडद्यात सगळे पाणी मावत नव्हते, म्हणून मी पडद्याकडे बघत बघत एकेक पाऊल मागे सरकू लागलो. मागे हिरवा दगड होता. तो हिरवा रंग गवताचा नव्हता, शेवाळाचा होता. माझा पाय असा सटकला की मी धपकन बसलो आणि बसल्या बसल्याच खाली घसरू लागलो. मामाने धावत येऊन माझी कॉलर पकडली. मोबाईल मी सोडला नव्हता, पण डाव्या पायातली चप्पल गेली. ती पाण्यात एकदा दिसली, मग मोरीत शिरली आणि पुन्हा दिसली नाही. दोन्ही कोपरे सोलली होती. मामा एक शब्द बोलला नाही. त्याचे हात थरथरत होते. ते पाहून मला रडू आले, लागले म्हणून नव्हे.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "डोळे पडद्यात असले की पाय आंधळे होतात. फोटोत मावत नसेल तर माणसानं सरकायचं नाही, फोन सरकवायचा. आडवा धरला होतास, उभा धरायचा. धबधबा उभा असतो." हे इतके सोपे होते! मग त्याने मला आणखी तीन गोष्टी सांगितल्या. ओल्या कातळावर जायचे नाही. कठड्याच्या पलीकडे जायचे नाही. आणि वरच्या अंगाला जोराचा पाऊस असेल तर ओढ्यात उतरायचेच नाही, कारण आपल्याकडे ऊन असले तरी वरून एकदम लोंढा येतो. आमच्या माणगंगेलाही कधी कधी असे पाणी येते, वर पाऊस पडला की. म्हणून हे मला लगेच पटले.

उरलेली एक चप्पल पिशवीत टाकून मी पुढे अनवाणीच गेलो.

ठोसेघरला तिकीट काढून आत जावे लागते. झाडीतून पायवाट आहे. एक लहान धबधबा आहे आणि एक मोठा. मोठा धबधबा समोरच्या बाजूने बघण्यासाठी कठडा बांधून सज्जा केलेला आहे. म्हणजे मध्ये खोल दरी आणि पलीकडे धबधबा. आम्ही सज्जावर पोचलो तेव्हा समोर काय होते? काहीच नव्हते! सगळे पांढरे धुके. फक्त आवाज येत होता. गिरणी चालू असताना बाहेरून येतो तसा आवाज, पण त्याहून मोठा, आणि तो थांबतच नव्हता. लोक येत होते, धुके बघून हळहळत होते. काहींनी तर धुक्याबरोबरच आपले फोटो काढून घेतले आणि गेले. मी मामाला म्हटले, "चला, आपण पण जाऊ. दिसत न्हाई." मामाने थैली खाली ठेवली आणि म्हणाला, "बस. धबधबा कुठं पळून चाललाय?"

आम्ही दीड तास बसलो. आईने दिलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. त्या दीड तासात मामाने मला धबधबा कसा तयार होतो ते सांगितले. ते मी जसे समजले तसे लिहितो.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रात जमिनीच्या भेगांतून तापलेला रस, म्हणजे लाव्हा, बाहेर आला. तो एकदाच आला नाही. पुन्हा पुन्हा आला, पसरला आणि थंड होऊन खडक झाला. भाकरीवर भाकरी ठेवली की चवड होते ना, तसे खडकाचे थर एकावर एक बसले. या काळ्या खडकाला बेसाल्ट म्हणतात. पण सगळ्या भाकऱ्या सारख्या भाजलेल्या नसतात. काही थर टणक असतात, काही भोकाभोकांचे आणि ठिसूळ असतात, आणि दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबडी मऊ मातीही असते. हे ऐकताना मला आमची विहीर आठवली. मागच्या उन्हाळ्यात ती खोल केली तेव्हा आधी मुरूम लागला, मग काळा पाषाण, मग तांबडा मऊ थर आणि खाली परत काळा पाषाण. मी काठावरून पाहिले होते. म्हणजे ठोसेघरची दरी आणि आमची विहीर एकाच चवडीच्या आहेत. फक्त आमच्या विहिरीत धबधबा नाही.

नदी या थरांवरून वाहताना मऊ थर लवकर झिजतो आणि टणक थर टिकून राहतो. त्यामुळे पायरी तयार होते. पाणी पायरीवरून पडून खालचा मऊ भाग आणखी पोखरते. मग वरचा टणक दगड आधार नसल्यामुळे तुटून पडतो. असे हजारो वर्षे चालले की कडा मागे मागे सरकत जातो. म्हणजे मामा म्हणाला ते तसे बरोबर नव्हते. धबधबा पळतो, पण फारच सावकाश. आपल्या या खडकाला शास्त्रज्ञ 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. स्वीडन देशाच्या भाषेत जिन्याला 'ट्रॅपा' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. आपले डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात ते मी पूर्वीही पाहिले होते, पण त्याला एवढे कारण असेल असे वाटले नव्हते.

आणि मग धुके हलले. नाटकाचा पडदा जातो तसे ते एका बाजूला गेले. आधी खालची झाडे दिसली, मग काळा कडा, आणि मग वरपासून खालपर्यंत पाणी. मला काय वाटले ते मला लिहिता येत नाही. पाणी पडते आहे असे वाटत नव्हते, वरून हळूहळू सोडल्यासारखे वाटत होते. इतके उंच आहे की पडायला वेळ लागतो. खाली जाता जाता त्याचा धूर होत होता. मी मामाचा शर्ट ओढून म्हणालो, "लवकर काढा, लवकर!" पण मामाने कॅमेरा काढलाच नाही. तो म्हणाला, "आधी डोळ्यांनी बघून घे." आम्ही उगी उभे राहिलो. मग त्याने स्टँड उभा केला. वाऱ्याने तो हलत होता, म्हणून खाली त्याला थैली अडकवली. मी छत्री धरली. पाण्याचे तुषार दरी ओलांडून आमच्यापर्यंत येत होते. कॅमेऱ्याच्या काचेवर एक थेंब बसला तरी फोटोत तिथे डाग पडतो, म्हणून दर फोटोच्या आधी मऊ सुती कापडाने काच पुसावी लागे. ते काम माझ्याकडे होते. मी बाविसावेळा पुसली.

कॅमेऱ्याच्या आत एक झडप असते. ती उघडते आणि मिटते तेवढ्यात उजेड आत जातो. मामाने एक फोटो झडप एका सेकंदाचा हजारावा भाग उघडून काढला. त्यात पाण्याचा एकेक थेंब जागच्या जागी थांबलेला दिसला, फुटलेल्या ज्वारीच्या लाह्यांसारखा. मग काचेवर गॉगलसारखी काळी काच बसवली आणि झडप अर्धा सेकंद उघडी ठेवली. त्यात थेंब दिसलेच नाहीत. पाणी धारेच्या दुधासारखे झाले, कारण अर्ध्या सेकंदात पाणी जिथून जिथून गेले तो सगळा रस्ता फोटोत उमटला. दोन्ही फोटो एकाच जागेवरून काढलेले आहेत. कोणता खरा? मी मामाला विचारले. तो म्हणाला दोन्ही खरे. मला लाह्यांचा आवडला, मामाला दुधाचा. लोक कॅलेंडरवर दुधाचाच छापतात. ढग होते ते बरेच झाले, असेही मामा म्हणाला. कडक उन्हात पांढरे पाणी फोटोत कोऱ्या कागदासारखे येते, त्यात काहीच दिसत नाही.

ऊन नव्हते म्हणून इंद्रधनुष्य मात्र दिसले नाही. ते कसे पाहावे ते मी तुम्हांला सांगतो. सकाळी किंवा सायंकाळी सूर्य पाठीमागे ठेवून उभे राहावे आणि समोर सावली असेल तिकडे तोंडातून पाण्याची बारीक फवारणी करावी. मी अंगणात करून पाहिले. तीन वेळा नुसतेच कपडे भिजले, चौथ्या वेळी सात रंग दिसले. सूर्याकडे तोंड करून कधीच दिसत नाही. धबधब्यापाशीही तसेच असते. बाई म्हणाल्या की हा प्रयोग शाळेत करायचा असेल तर बाटलीच्या झाकणाला भोके पाडून करावा, तोंडाने नको.

आता तो फसलेला फोटो. मला आजीचे वाक्य आठवत होते, "क्येवढा हाय त्ये कळाय पायजे." मी मामाला म्हटले, "मला पुढं उभा करून काढा, म्हणजे माझ्यावरून आजीला कळेल." मामा हसला, पण त्याने काढला. त्यात काय झाले ते तुम्ही खाली बघू शकता. मी जवळ होतो म्हणून मोठा आलो, आणि एवढा थोरला धबधबा माझ्या कानाएवढा झाला. मग मी म्हटले, "मग माणूस धबधब्याच्या वर, कड्यावर उभा करायचा." त्यावर मामा माझ्याकडे नुसता बघत राहिला. मी गप्प बसलो. मला चप्पल आठवली.

मग मामानेच मला दाखवले. धबधब्याच्या माथ्यावर हिरवे हिरवे काहीतरी होते. मला ते गवत वाटले होते, कोथिंबिरीच्या जुडीएवढे. मामाने कॅमेऱ्यातून जवळ करून दाखवले तर ती झाडे! चांगली मोठी, बुंध्याची झाडे. तेव्हा मला कड्याची उंची खरी कळली आणि पोटात कसेतरी झाले. मामाने ती झाडे आणि खालची दरी दोन्ही येतील असा उभा फोटो काढला. तोच हा वरचा मोठा फोटो.

घरी येण्याआधी मी इतर धबधब्यांचीही माहिती मिळवली. ती थोडक्यात देतो. आपल्या जिल्ह्यातच भांबवलीला वजराई धबधबा आहे, तो तीन टप्प्यांनी पडतो आणि त्याची उंची ५६० मीटर सांगतात. त्याचे पाणी उरमोडीला मिळते. गोव्याचा दूधसागर ३१० मीटर आहे आणि त्याच्या समोरून आगगाडीचा पूल जातो. कर्नाटकात शरावती नदीवर जोगचा धबधबा आहे, तो २५३ मीटर. जगात सर्वांत उंच एंजल धबधबा व्हेनेझुएला देशात आहे, ९७९ मीटर. म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर उभे पाणी! आमच्या घरापासून शाळा एवढी लांब आहे.

मामाने वहीच्या पानाएवढे फोटो छापून दिले, कारण आजीला मोबाईलवरचे नीट दिसत नाही. आजी ओट्यावर बसली होती. तिने आधी माझा फसलेला फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "आरं, तुज्या कानातनं पानी गळतंय की!" सगळे हसले. मग मी दुसरा फोटो दिला. आजीने तो लांब धरला, जवळ धरला. मग वरच्या बाजूला बोट ठेवून म्हणाली, "ह्ये गवात वल्लं दिसतंय." मी म्हटले, "आजी, गवत नाही ते. झाडं हायेत. आपल्या दारातल्या चिंचेएवढी."

आजीने मान वर करून आमच्या चिंचेकडे बघितले. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बघितले. मग फोटोकडे बघितले. मग परत चिंचेकडे. तिचे ओठ हलत होते, बहुतेक ती एकावर एक चिंचा ठेवून मोजत होती. कितीतरी वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "बाई बाई बाई. आन ह्ये येवढं पानी जातं कुठं?"

मी सांगितले की ठोसेघरचे पाणी तारळी नदीला जाते, तारळी उंब्रजजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा पार बंगालच्या उपसागराला जाते. आजीला ते आवडले नाही. ती म्हणाली, "समुद्राला काय कमी हाय व्हय?" मग मी तिला उरमोडीचे धरण सांगितले, आणि ते पाणी पाटाने आपल्याकडे आणले आहे हेही सांगितले. पलीकडच्या गावातला ऊस त्याच पाण्याचा आहे म्हणालो. आजीने फोटो पदराने पुसला, तो ओला नव्हता तरी.

तेवढ्यात आईने माझी एकच चप्पल पिशवीतून बाहेर काढली आणि दुसरी कुठे म्हणून विचारले. मी खाली मान घालून घाटातली सगळी हकिकत सांगितली. आई रागावली. आजीने मला जवळ ओढून माझी कोपरे बघितली, त्यांवर हळद लावायला सांगितली आणि विचारले, "त्यो वढा कुठल्या नदीला जातोय म्हनला मामा?"

मी म्हटले, "मामा म्हणाला, उरमोडीला."

"मग इल की पाटानं," आजी म्हणाली, "दुसरी टाकू नगंस."

ती चप्पल अजून आमच्या दाराच्या मागे ठेवलेली आहे.